दुसरा अर्थ

"काका, जरा मागं सरा," किल्लीवाला म्हणाला. "दार उघडलं की भपका येईल."

कोशकार मागं सरले नाहीत. बावीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत काढून हा शब्द या अर्थानं कुणाच्या तोंडून इतका सहज बाहेर पडलेला ते पहिल्यांदाच ऐकत होते. तीन महिन्यांपूर्वी ऐकायला मिळाला असता, तर उपयोगी पडला असता.

तीन महिन्यांपूर्वी 'भ'चा खंड छापून आला होता. भपका हा शब्द आधी नाकातून आला आणि मग डोळ्यांत शिरला, असं कोशकारांचं मत. आधी वास, थाटमाट नंतरचा. संपादकांनी ऐकून घेतलं आणि थाटमाट पहिला घातला. वास दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि त्याच्यापुढं नुसतंच 'उदा.' छापून जागा कोरी राहिली. चौघांनी मुद्रितं तपासली होती, म्हणजे चूक राहायला कुणाचीच हरकत नव्हती.

पहिल्या अर्थाला उदाहरण शोधावं लागलं नव्हतं. ते या दाराआड राहत होतं. जांभळा कोट, सोनेरी बटणं, खिशात रेशमी रुमाल; कोशकारांचा थोरला भाऊ, दादा, नाक्यावर दाढी करायला निघाला तरी वरातीला निघाल्यासारखा निघे. कोशकारांनी लिहिलं होतं, 'थोरल्याचा भपका असा, की घरी चूल पेटते का, हे विचारायचं कुणाला सुचू नये.' वाक्यावर ते इतके खूश झाले, की तो खंड स्वतः दादाला नेऊन दिला.

तेव्हापासून दादानं दार उघडलं नाही. दोनदा आतून आवाज आला, "नंतर ये." रुसला असेल, असं कोशकारांनी ठरवलं. धाकट्यानं किती वेळा उंबरे झिजवायचे?

आज सकाळी शेजारच्या मावशींचा फोन आला. चार दिवस भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला नव्हता, आणि आता वास येत होता. उंदीर मेला असेल, असं कोशकार जिना चढताना म्हणाले होते. वर आल्यावरही एकदा म्हणाले. दादा रुसलेलाच असू दे, एवढंच त्यांना हवं होतं.

कुलूप सुटलं. किल्लीवाल्यानं सांगितलं होतं ते आलं.

बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथं घर एका खोलीचं, आणि आत वासा नव्हता, वासच होता. खाट गेलेली. कपाट गेलेलं. डब्यांची झाकणं उघडी, आत कोरडं. स्टोव्हवर कोळ्यानं निवांत संसार थाटलेला. चटईवर दादा, जांभळ्या कोटात, सगळी बटणं लावून.

मावशी उंबऱ्यातच थांबल्या. आपण दोन वेळा वाटीभर काहीतरी घेऊन आलो होतो, पण यांनी पोट भरलंय म्हणून परत पाठवलं, असं त्या किल्लीवाल्याला सांगत राहिल्या.

वरच्या खिशात रेशमी रुमाल नव्हता. तिथं कागदाची नीट घडी होती, टोक बाहेर काढून रुमालासारखीच खोचलेली. कोशकारांनी ती उलगडली. 'भ'च्या खंडातलं पान. थोरल्याच्या वाक्याखाली पेन्सिलीची दुहेरी रेघ आणि समासात 'वा!' असा शेरा. त्याखाली छापलेला दुसरा अर्थ, त्यापुढं 'उदा.', आणि कोऱ्या जागेत थरथरत्या अक्षरांत: 'याला नाही मिळालं? थांब, देतो.'

"काय लिहिलंय हो?" मावशींनी विचारलं.

कोशकारांनी कागदाची होती तशी घडी घातली आणि टोक बाहेर ठेवून परत खिशात खोचली.

"उदाहरण," ते म्हणाले.