मधली शांतता

सूर्य बुडायला आला तसं शिकूने आवाजाचं बटण पुन्हा खाली ओढलं. कातालिनाच्या बारमध्ये तो गाणी लावायचा. समोरच्या खडकांवर ऐकत बसलेली माणसं गप्प झाली. शिकू समुद्राकडे कान लावून उभा राहिला. काहीच नाही. पाण्यालगत नुसतं दाट धुकं. त्याने चडफडत बटण वर केलं आणि गाण्याची दुसरी तबकडी लावली.

वडिलांची नाव रोज एव्हाना परतायची. जुनाट इंजिन, टुक... टुक... टुक. शिकू तबकड्याही त्याच चालीच्या निवडायचा. त्याहून जलद काही वाजलं की त्याला ते भांडण वाटे. आज ते इंजिनच वाजलं नव्हतं आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

लंडनच्या एका संगीत-मासिकाचा वार्ताहर ग्रेअम टेपरेकॉर्डर घेऊन जवळ सरकला. "ही संथ चाल कुठून आली? जर्मनी? जमैका?"

"बाबांकडून."

"अच्छा! तेही वादक?"

"मासे धरतात."

ग्रेअम मनापासून हसला. त्याला हा विनोद वाटला. "आणि या मधल्या शांत जागा? गाणं ऐन रंगात येतं अन् तू ते सोडून देतोस! हे सुचलं कसं?"

शिकूने बटण परत खाली ओढलं.

"अरे, झपाटलंय का तुला?" तळलेल्या माकुळांची बशी घेऊन कातालिना बाहेर आली. "गिऱ्हाइकं विचारतायत, वीज जातेय का म्हणून."

"बाबा आले नाहीत अजून."

तिने बशी खाली ठेवली. "येतील रे. एवढ्या भांडखोर माणसाला समुद्र तरी कशाला ठेवून घेईल?" पण तीही तिथेच उभी राहून पाण्याकडे बघू लागली.

सूर्य धुक्याच्या पट्ट्यात बुडाला. लोकांनी रोजच्यासारख्या टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांत काही ऐकू येईना, तेव्हा शिकूला त्या सगळ्यांचा राग आला. टाळ्या थांबल्या आणि खालच्या धक्क्याला लाकूड घासल्याचा आवाज झाला. तबकडी तशीच फिरती ठेवून तो धावत सुटला.

वडील नावेतच बसले होते. तळहात सोलवटलेले.

"इंजिन मेलं दुपारीच. या धुक्यात किनारा कुठे तेच कळेना. मग तुझं ते रडगाणं ऐकू आलं, त्याच्या रोखाने वल्ही मारत आलो." त्यांनी दम घेतला. "पण तू सारखं बंद का करत होतास रे? आवाज गेला की मी थांबायचो. एकदा तर उलटाच निघालो होतो."

शिकूला रडू फुटायचंच बाकी होतं. "तुमचं इंजिन ऐकू यावं म्हणून."

"गाढव आहेस," म्हणत वडिलांनी त्याचा खांदा धरला आणि धक्क्यावर चढले.

"अजून कोण आहे बाहेर?" शिकूने विचारलं.

"मारियानो अन् त्याचा भाऊ, त्यांच्या नावेत. मागेच होते माझ्या."

शिकू पळतच वर आला आणि बटण वरपर्यंत ढकललं. एक तबकडी संपायच्या आत दुसरी सुरू. मध्ये फट म्हणून नाही. टेबलांवरचे ग्लास थरथरू लागले. कातालिनाने एका शब्दाने हटकलं नाही.

ग्रेअमने तोंड वाकडं करून टेपरेकॉर्डर बंद केला.

"छे! आता सगळी मजाच गेली."