पारुबाईचा नकार

"न्हाई म्हंजे न्हाई! माझं लेकरू इमानातून उडी मारणार न्हाई!" पारुबाईनं नाईकाच्या दारातच ठाण मांडलं होतं.

कनेरगाव नाक्याजवळच्या त्या तांड्यात आज कुणी रानात गेलंच नाही. असला तमाशा सोडून कोण जातो! कारगिलच्या लढाईला वर्ष झालं होतं. पारुबाईचा एकुलता एक प्रेमदास रजेवर आला होता. तो नुकताच छत्रीवाल्या पलटणीत गेला होता, पहिली उडी अजून व्हायची होती. विमानातून उडी घ्यायची आणि छत्री उघडून शत्रूच्या पाठीमागं उतरायचं, असलं जिवावरचं काम. आईची ना असेल तर साध्या पलटणीत परत पाठवू, असं त्याचे साहेब म्हणाले होते. निवाडा आता तांड्याच्या प्रमुखापुढं, धर्मसिंग नाईकापुढं आला होता.

"मला एक सांग," नाईक म्हणाला, "तोफा हैत, रणगाडे हैत. मग हे छत्रीवाले काहून पायजेत? आन फौज बारकी असली तर तिला हे नखरे कशाला?"

प्रेमदास ताठ झाला. "बारक्या फौजेला तर जास्तच पायजेत, नाईक. मोठी फौज रेटत जाती. बारकीनं काय करावं? मूठभर माणसं मागं उतरवायची, पूल धरायचा. दुश्मनाला कळतच न्हाई, किती जण आले ते."

"छत्री उघडली न्हाई तर?" पारुबाई कडाडली.

"दुसरी असती."

"ती बी न्हाई उघडली तर?"

प्रेमदासनं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याला. "देशासाठी मरण आलं तर आलं!"

"वा रं पठ्ठ्या!" म्हातारे ओरडले. पोरानं मैदान मारलं होतं, खोटं कशाला बोला.

पारुबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि गळा काढला. नाईकानं तिला रडू दिलं.

मग तो म्हणाला, "आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. तवा तांड्याच्या पुढं एकटा गडी जायचा. पाणी कुठं, वाट कशी, चोर किती, बघून यायचा. तांडा जितका बारका, तितका तो गडी मोलाचा. प्रेमदासचं म्हणणं बराबर हाय. पण त्या गड्याला बी याडी असायची, आई असायची, आन ती बी रडायची. पारुबाई, शेवटचा शब्द तुझा. तू ना म्हणलीस तर मी डावलणार न्हाई."

पारुबाई लेकाकडं बघत राहिली. तो दात आवळून जमिनीकडं बघत होता. बिचारीचा जीव नुसता तुटत होता.

तिनं पदरानं डोळे पुसले. "जाऊ द्या त्याला."

एकच गलका झाला. नाईकानं लगेच गूळ वाटला. तांड्यात गूळ तोंडात गेला की शब्द फिरत नाही. पोरांनी प्रेमदासला खांद्यावर घेतलं, नगारा वाजला.

माणसं पांगल्यावर त्यानं आईला घरामागं ओढत नेलं.

"याडी, पाया पडून तुला काय सांगितलं होतं? उडीचं नाव काढलं तरी माझा जीव जातो, मी वरवर काय बी बोलंन, तू तुझी ना सोडू नको, म्हणून?"

"व्हय रं लेकरा," पारुबाई म्हणाली, "पण तू इतकं चांगलं बोललास, मला वाटलं तुझं भ्या गेलं."