जमिनीची ओल

बेंबळीचं रान विकून बब्रुवाननं कोकणातल्या एका रिसॉर्ट कंपनीचा प्लॉट घेतला. सकाळी कंपनीच्या माणसानं त्याला थेट समुद्राकाठची जागा दाखवली. बब्रुवाननं मूठभर वाळू उचलून दाबून बघितली. "जमिनीला ओल झकास हाय," म्हणाला आणि हौसेनं चारी कोपऱ्यांना हद्दीचे दगड रोवले.

दुपारी जेवून परत आला तर दगड पाण्याखाली, कंपनीचा माणूस गायब आणि त्याचा फोन बंद. घाबरून त्यानं गावाकडं बायकोला फोन लावला.

"मथुरा, अगं आपल्या प्लॉटात कंबरभर पाणी घुसलंय!"



"आवो, घाबरू नका," मथुराबाई त्याला धीर देत म्हणाली. "कुणाची तरी पाण्याची पाळी असंल. ती झाली की पाट बंद करत्याल."