डोह बघायला आलेला माणूस

"आज होडी बंद हाय, साहेब," बहिरू लांबूनच म्हणाला.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर तो माणूस उजाडायच्या आत येऊन बसला होता. वय तिशीचं, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. गळ्यात ना कॅमेरा, ना दुर्बीण. थंडीत कादवा नदीवर पक्षी बघायला येणारी माणसं अशी येत नाहीत.

"मी शेखर. सिन्नरहून आलोय, बाबा. सगळं दाखवा. पाण्यातलं देऊळ, वीरगळ, पक्षी." तो जरा थांबला. "आणि तो डोह."

बहिरूनं चमकून पाहिलं. डोह बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हता. गावातलेसुद्धा पोराबाळांसमोर त्याचं नाव काढत नसत.

बहिरूला आज गिऱ्हाईक नको होतं. बायको, मैना, जाऊन आज बरोबर वर्ष झालं होतं. पहाटे उठून घर झाडून, शेळी शेजारच्या सगुणाबाईच्या दावणीला बांधून तो एकटाच पाण्यावर आला होता. पण हा बाबा हलेना. घटकाभर फिरवू आणि लावू वाटेला, असं म्हणत त्यानं होडीचा दोर सोडला.

"हे लाइफ जॅकेट घाला."

"तुम्ही?"

"मी होडीवाला! माशाला कुणी जॅकेट घालतं व्हय?"

"तुम्ही घातलंत तरच मी घालीन."

हट्टी दिसतोय, बहिरू मनात म्हणाला. त्यानं कुरकुरत जॅकेट अडकवलं.

पाण्यावर धुकं दाटलं होतं. त्यातून देवळाचं काळं शिखर तेवढं वर आलं होतं. गाभारा पाण्याखाली होता. काठावर बदकांचे थवे होते, पण शेखरची नजर तिकडे जाईना. ती बहिरूच्या हातावर आणि वल्ह्यावर खिळली होती.

वीरगळांपाशी होडी लावून बहिरूनं नेहमीचं सुरू केलं. "ह्या दगडावर रामाचं पाऊल, त्या दगडावर सीतामाईचं. आमच्या नाशकात लोक दावत्यात तितक्या ठिकाणी राम थांबला असता, तर वनवास अजून सरला नसता!"

एरवी यावर गिऱ्हाईक खदखदून हसतं. शेखर ओठातल्या ओठात हसला. त्याच्या खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला, त्यानं तो तिसऱ्यांदा बंद केला.

"घरचे का?"

"हो."

"मग बोला की. काळजीत असत्याल."

"नंतर बोलतो. पोरंबाळं किती तुम्हाला, बाबा?"

"एक लेक. उज्ज्वला. मनमाडला दिली. जावई रेल्वेत हाय."

डोहापाशी पाणी काळंभोर झालं. वारा पडला. बहिरूनं वल्हं आडवं धरलं.

"खोल आहे?" शेखरनं विचारलं.

"तळ कुणी पाह्यला न्हाई."

"मला पोहता येत नाही," तो हळूच म्हणाला.

बहिरूनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. एकटा आलेला माणूस, घरच्यांचा फोन घेत नाही, पाखरांकडं बघत नाही, आणि डोहाची खोली विचारतोय. हा जीव द्यायला आलाय. ती नजर बहिरूला ओळखीची होती. त्यानं झटक्यात होडी वळवली आणि वल्हं असं मारलं की घाट येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

"झालं सगळं बघून. वर एसटी लागली आसंल. जावा."

"मी बसतो इथंच जरा. पाण्याकडं बघत. तुम्हाला काम असेल तर तुम्ही जा, बाबा."

"माझं कामबी हितंच हाय."

मग दोघंही पायरीवर बसले. उन्हं वर आली. एकानं पाय हलवला की दुसरा दचकून बघे. कुणीच उठेना.

तेवढ्यात गावातून मृदंगाची थाप आली. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन उभं राहिलं होतं. बहिरूला एकदम सुचलं. माणूस एकदा कीर्तनात उभा राहिला की मरायचं विसरतो, हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं होतं. त्यानं शेखरचं मनगट पकडलं.

"चला. काला घेतल्याबिगर आमच्या गावातनं पाव्हणा जात न्हाई."

शेखर लगेच उठला. इतका लगेच, की बहिरूलाच नवल वाटलं.

मांडवात बुवा रंगात आले होते. यमुनेच्या काठी गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या. कुणाची शिळी भाकरी, कुणाचं आंबट ताक. देवानं सगळं एकत्र कालवलं. "आता सांगा," बुवांनी विचारलं, "यातला कुणाचा घास कोणता?" माणसं हसली, काहींनी डोळे पुसले. बहिरूनं मुद्दामच शेखरला गर्दीच्या मधोमध उभं केलं. कुणीतरी बहिरूच्याही हातात टाळ दिला. वर्षभर त्यानं टाळाला हात लावला नव्हता. पहिला ठोका अडखळला, दुसरा लागला, आणि मग कोंडलेलं सगळं गळ्यातून मोकळं झालं. डोळ्यांतून धारा लागल्या. विठ्ठला, वाचवलास रे बाबा एका लेकराला, तो पुटपुटला.

गजर संपला तेव्हा शेखर शेजारी नव्हता.

टाळ गळ्यात तसाच ठेवून तो मांडवाच्या मागं धावला. शेखर पाण्याच्या टँकरला टेकून, पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता.

"उज्ज्वलाताई, आता रडू नका. सिन्नर जवळ म्हणून दाजींनी रात्री मित्राला हाक दिली, ती वाया गेली नाही. बाबा माझ्या डोळ्यांसमोर होते, एक क्षण सोडलं नाही. आत्ताच मांडवात टाळ वाजवत गात होते. तुम्ही आणि दाजी सावकाश या. आणि ताई, बाबांनी तुमच्याकडं धाडलेल्या आईच्या साडीच्या घडीत काल सापडलेली त्यांची ती चिठ्ठी आधी जाळून टाका. आपला बाप आज डोहात जाणार होता, हे लेकीला कळलंय, असं त्यांना कधीच दिसू देऊ नका."