आधी येणारं हसू

विसरवाडीजवळच्या वृद्धाश्रमात आशा कामाला लागली, तेव्हापासून हे चाललं होतं. दुपारी चहा टाकला की हॉलमधून हसण्याचा गलका येई. ती जाऊन बघे, तर सगळी म्हातारी माणसं गप्प बसलेली असत. मग तासाभराने कुणीतरी काही बोले आणि अगदी तेच हसू खरोखर उमटे. आधी ती घाबरायची, पुढे त्या हसण्याची वाटच पाहू लागली.

त्यांतले हिलालआप्पा चार दिवस नंदुरबारला दवाखान्यात बेशुद्ध होते. आज आलेल्या गलक्यात आशाने त्यांचं खोकत खोकत हसणं ओळखलं. ती फोनजवळून हललीच नाही.

फोन आला. आप्पांनी डोळे उघडले होते, चहा मागत होते. फोन ठेवून आशाने हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं.

"चहा मांगी ऱ्हायनात?" म्हाताऱ्या निर्मलाबाई म्हणाल्या. "मंग बरा व्हयनात."

सगळे खदखदून हसले. आशाही हसली. फोन तर तिने केव्हाच ठेवला होता, तरी आप्पांचं हसू त्यात होतं. ते खिडकीजवळच्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीतून येत होतं.

निर्मलाबाईंनी डोळे पुसले. "आशा बेटा," त्या सहज म्हणाल्या, "आप्पास्ले चहा दे."