वाळूचा ढीग

त्र्याहत्तरचा मे महिना. बोरी नदी आटून नुसती वाळू उरली होती, म्हणून आम्ही चौघे मित्र सोलापुराहून मोटरसायकली घेऊन चार दिवस पात्रात मुक्कामाला आलो होतो. वाळवंट बघायला राजस्थानात कशाला जायचं?

तिथं एक म्हातारी रोज पहाटे वाळू उकरून ढीग घालायची आणि आम्ही त्या ढिगावरून गाड्या उडवायचो. संध्याकाळपर्यंत ढीग भुईसपाट, पलीकडचा खड्डाही बुजलेला. सकाळी बघावं तर ढीग पुन्हा उभा! पहिल्या दिवशी ती हात वर करून ओरडत आली होती, पण इंजिनांच्या आवाजात ऐकतंय कोण?

"बिनडोक आहे, पण कामाची आहे," आमच्यातला शिवयोगी म्हणाला होता.

शेवटच्या दिवशी ढीग नव्हता. "आज म्हातारीनं दांडी मारली," म्हणून आम्ही हसलो. सोबत आणलेल्यातल्या उरलेल्या पाण्यानं गाड्या धुतल्या, गावात शिरताना चकचकीत दिसाव्यात म्हणून. दुपारी घसे सुकले. म्हातारी आपल्या शेळ्या घेऊन काठावर बसली होती, शेजारी रिकामी घागर.

"आजी, प्यायला पाणी कुठं मिळेल?" शिवयोगीनं विचारलं.

तिनं बुजलेल्या खड्ड्याकडं बोट केलं. "तितंच. झिरा हाय त्यो माजा. रोज म्या उकरायचा आन् रोज तुमी बुजवायचा."

"मग आज का नाही उकरला?"

शेळीच्या कानातली गोचीड काढता काढता, आमच्याकडं न बघताच ती म्हणाली, "तुमी आज जानार न्हवं? जावा की. मग उकरते."