पंखे

“उद्यापासून तुम्ही गेटवर बसा, जयवंताबाई. निवृत्ती जवळ आली, आता जरा आराम करा,” मॅनेजर गोड आवाजात म्हणाला.

जयवंताबाईंना खोकल्याची उबळ आली. कापसातून सरकी काढणाऱ्या या जिनिंग कारखान्यात राबताना कापसाची धूळ आयुष्यभर त्यांच्या छातीत गेली होती. धूळ ओढून घेणारे पंखे बंद पडलेत, ते दुरुस्त करा, असं कालच त्यांनी मॅनेजरला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. आजचा हा आराम कशासाठी, ते त्यांना कळलं. तरी क्षणभर मोह झालाच. गेटवर मोकळी हवा होती.

“अन् माह्या जागी कोन?”

“येईल कोणीतरी.”

“मंग तिची छाती जाईन!”

त्या तडक आत गेल्या आणि कापूस निवडणाऱ्या बायांना म्हणाल्या, “उठा गं. पंखे सुरू होईस्तोवर कोनी हात लावायचा नाई.”

“जाता जाता नोकरी घालवाल!” मॅनेजर ओरडला.

“काढा मले. पन ह्या बाया कामाले बसनार नाईत.”

सगळ्या बाया अंगणात येऊन बसल्या.

दुपारी इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन आला. थोड्या वेळाने एक पंखा घरघरू लागला. मॅनेजरने बायांना हाक मारली. दोघीतिघी उठू लागल्या, पण जयवंताबाई जागच्या हलल्या नाहीत.

“दुसराबी लावा,” त्या म्हणाल्या. “मंग येऊ.”